चुकलेल्या उत्तराचे मोल

मराठी दूरचित्रवाणीवर ज्ञान आणि हशा शेजारी शेजारी राहिले, पण एका घरात फारसे नांदले नाहीत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याच्या सुरुवातीच्या जमान्यात हसण्यासाठी 'गजरा' होता आणि शिकण्यासाठी आकाशानंदांचा 'ज्ञानदीप'. खासगी वाहिन्या आल्यावरही ही वाटणी कायम राहिली. विनोद 'चला हवा येऊ द्या' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये, प्रश्नोत्तरे 'कोण होईल मराठी करोडपती'मध्ये. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या प्रश्नांवर विनोदी कलाकार आणि जाणकार एकाच टेबलाशी बसून वाद घालत आहेत, हा प्रकार आपल्याकडे रुजला नाही. तो चालतो कसा, आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या कारखानी पट्ट्यात त्याचा उपयोग काय, हे येथे पाहू.

या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे बीबीसीचा 'क्यूआय'. जॉन लॉइड यांच्या कल्पनेतून तो २००३ साली सुरू झाला. आधी स्टीफन फ्राय आणि २०१६पासून सँडी टॉक्सविग हे त्याचे सूत्रधार. प्रश्न केवळ विज्ञानाचे नसतात, पण विज्ञानाचे पुष्कळ असतात. त्याचा खास नियम असा : उत्तर रंजक असेल तर गुण मिळतात, मग ते बरोबर नसले तरी चालते. मात्र सर्वांच्या तोंडी असलेले, सहज सुचणारे चुकीचे उत्तर दिले की भोंगा वाजतो, दिवे लुकलुकतात, तेच उत्तर मोठ्या अक्षरांत पडद्यावर झळकते आणि गुण वजा होतात. ते उत्तर कोणीतरी देणारच, हे आयोजकांनी आधीच ओळखलेले असते. त्यामुळे खेळाडूंचे गुण अनेकदा शून्याच्याही खाली जातात.

आपल्या ओळखीच्या प्रश्नमंजूषेत नेमके उलटे घडते. दूरदर्शनवरील १९८५चा सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' घ्या किंवा २०००पासूनचा 'करोडपती'. तेथे चूक झाली की गुण हुकतो नाहीतर खेळ संपतो. 'क्यूआय'मध्ये चूक झाली की खरे बोलणे सुरू होते. फरक एवढाच, पण तो मूलभूत आहे. जी चूक हजारो लोक करतात ती एकट्याची लाज राहत नाही. भोंगा वाजताच घरी बसलेला प्रेक्षकही हसतो, कारण त्याच्याही मनात तेच उत्तर आलेले असते. आणि आपलेच उत्तर का चुकले, हे ऐकायला माणसाचे कान तयार असतात.

आता हा भोंगा आपल्या भागात आणू. पहिला प्रश्न अंबरनाथचा. १९२३ साली स्थापन झालेल्या 'विमको' या काडेपेटी कंपनीचा कारखाना येथे होता. काडी ओढल्यावर पेट घेणारा फॉस्फरस कुठे असतो? बहुतेक जण म्हणतील, काडीच्या गुलात. भोंगा! सुरक्षित काडेपेटीत लाल फॉस्फरस असतो तो पेटीच्या कडेवरील खरखरीत पट्टीत. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक वगैरे असतात. घर्षणाने पट्टीवरील फॉस्फरसचा अत्यल्प अंश पेटतो आणि गुलातील द्रव्ये भडकतात. दोन द्रव्यांना दोन ठिकाणी ठेवणे हीच सुरक्षिततेची युक्ती. त्याआधीच्या काड्यांत विषारी पांढरा फॉस्फरस असे आणि त्याने कामगारांच्या जबड्याची हाडे सडत. म्हणजे घरातल्या काडेपेटीत रसायनशास्त्राइतकाच कामगारांच्या आरोग्याचा इतिहास आहे.

दुसरा प्रश्न शहाड-उल्हासनगरचा. सेंच्युरी रेयॉनमुळे 'रेयॉन' हा शब्द येथे घरोघरी माहीत. हा धागा कशापासून बनतो? 'पेट्रोलियमपासून, नायलॉनसारखा', असे उत्तर आले की पुन्हा भोंगा. रेयॉनचे मूळ लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजमध्ये आहे. व्हिस्कोज पद्धतीत लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, तयार झालेला दाट द्राव बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडतात आणि तेथे त्याचा पुन्हा धागा होतो. पडताळा घरी घेता येतो. चिमट्यात धरून धागा जाळला तर रेयॉन कागदासारखा जळतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. धागा माणसाने घडवलेला, पण कच्चा माल झाडाचा.

तिसरा प्रश्न खुद्द विनोदाचाच. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात सर्वांनी ऐकला आहे. त्यामागचे गृहीत असे की नक्कल करायला अक्कल लागत नाही. येथेही भोंगा वाजायला हवा. समोरची वस्तू उघडून तिचे भाग ओळखणे, साचा बनवणे, स्वस्त पर्यायी माल शोधणे आणि किंमत निम्म्यावर आणणे, हे सगळे तंत्रज्ञानच आहे. ग्राहकाला फसवणारे खोटे नाव निराळे, त्याचे समर्थन नको. पण फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली, १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली, आणि बराकींमध्ये राहणाऱ्यांनी उद्योग उभे केले, एवढे ठाऊक असले की त्या विनोदाची धार कोणावर चालते ते कळते. विज्ञानाच्या विनोदाने समजुतीला हसावे, माणसाला नव्हे. ही सीमा पाळली नाही तर असा कार्यक्रम नुसती टवाळी ठरेल.

चौथा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. गाडीच्या टपावर चढलेल्या माणसाने ओव्हरहेड तारेला हात लावला नाही, तर तो सुरक्षित असतो का? 'हो' हे उत्तर जीवघेणे आहे. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर पूर्वी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाह होता. तो बदलून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचे काम २०१६ साली पूर्ण झाले. एवढ्या दाबाला शरीर फार जवळ गेले की मधली हवाच वाहक बनते आणि ठिणगी उडी घेते. म्हणून तारेपासून किमान २ मीटर दूर राहण्याची सूचना असते. बदलापूरच्या गर्दीच्या गाड्यांनी रोज जाणाऱ्यांना हे माहीत असलेच पाहिजे. पण या प्रश्नावर भोंगा वाजवू नये. श्रोत्यांत कोणाच्या घरचा माणूस असा गेला असेल, सांगता येत नाही. चुकीचे उत्तर येथेही बोलण्याची सुरुवातच आहे, फक्त ती हशाविना व्हावी.

असा कार्यक्रम करायला वाहिनीची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांनी विज्ञान मराठीत आणण्याचे कष्ट कधीच घेतले आहेत. वाचनालयात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात चार खुर्च्या, एक भोंगा, एक शिक्षक, एक निवृत्त कारखाना-कामगार आणि दोन हजरजबाबी नट एवढे पुरे. पथ्ये तीनच : चूक खरोखर सार्वत्रिक असावी, स्पष्टीकरण शक्यतो समोर करून दाखवता यावे, आणि हरलेल्याला सर्वांत मोठी टाळी मिळावी. ज्या गावांनी काडेपेटीपासून रेयॉनपर्यंत सारे बनवले, तेथील मुलांना त्या वस्तूंचे विज्ञान परके वाटू नये, एवढे त्यातून साधले तरी पुष्कळ झाले.