नाकपुडी श्वासाच्या आधी फुलते

1821 साली शल्यविशारद चार्ल्स बेलने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका गाढवावरचा प्रयोग मांडला. गाढवाला आडवं पाडून त्याच्या नाकपुड्या काही सेकंद दाबून धरल्या. धापा टाकत ते नाकपुड्या फेंदारू लागलं, तेव्हा तोंडाच्या एका बाजूची चेहऱ्याची नस कापली. त्या बाजूची नाकपुडी जागच्या जागी थांबली. दुसरी छातीबरोबर हलत राहिली. भूल देण्याची सोय यायला अजून पाव शतक होतं, त्यामुळे हे वाचताना आजही पोटात कालवतं. पण निरीक्षण चोख होतं.

निष्कर्ष मात्र टिकला नाही. श्वासासाठी नसांचा स्वतंत्र वर्गच आहे, असं बेल मानायचा. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ लेगालवाने तर त्याआधीच सशांवर प्रयोग करून श्वासाचं ठाणं लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, दाखवलं होतं. पुढे संशोधकांचं लक्ष छाती आणि श्वासपटलाकडेच राहिलं. नाकपुडीवर हा अन्यायच झाला असं मला वाटतं.

1980च्या आसपास माणसांवरच्या नोंदींतून दिसलं, की नाकपुडीचे स्नायू हवा आत येण्याच्या क्षणभर आधीच ताणले जातात. हे तसंच असायला हवं. श्वास ओढताना आतला दाब घटतो आणि मऊ कड आत खेचली जाते. तिला आधीच ताठ करावं लागतं. घोडा तर फक्त नाकानेच श्वास घेतो. भूल देऊन कुशीवर निजवलेल्या घोड्याच्या गालात म्होरकीची कडी रुतली, तर चेहऱ्याची हीच नस दबते, नाकपुडी लुळी पडते आणि धावताना त्याला हवा पुरत नाही.

श्वासाच्या आधी नाकपुडी ताणण्याची ही वेळ कोण साधतं? 1991मध्ये स्मिथ, फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या लंबमज्जेचा पातळ काप जिवंत ठेवला आणि त्यात श्वासाचा ठेका चालू असलेला दाखवला. त्या पेशीसमूहाला प्रीबॉट्झिंगर म्हणतात. श्वासपटलाला आणि चेहऱ्याच्या नसेला ठेका मिळतो तो इथूनच.

2019मध्ये कुर्निकोवा, डेशेन आणि क्लाइनफेल्ड यांनी उंदराचं नाक वळवणाऱ्या स्नायूत रेबीजचा विषाणू सोडला. तो नसेतून उलटा मेंदूकडे चढतो, म्हणून स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशी सापडतात. अशा दोन जागा त्यांनी प्रकाशाने चेतवून पाहिल्या. दोन्हींमुळे नाक वळलं. पण चेहऱ्याच्या नसेच्या केंद्रामागची जागा चेतवली, तेव्हा श्वासाची वेळही सरकली. म्हणजे श्वास नाकाला हलवतो, तसा नाक वळवणाऱ्या पेशींचाही श्वासावर हात चालतो.