लॅपटॉपच्या डिस्कची नक्कल

लॅपटॉपच्या पोटात हार्ड डिस्क असते. दूध सोसायटीचा सारा हिशेब तिच्यावरच असतो. ती बिघडली की हिशेब गेला! म्हणून ती धड आहे तोवरच तिची नक्कल करून ठेवावी.

पूर्वी या कामाला सीडी लागे. हल्ली बहुतेक लॅपटॉपना सीडीची खोबणच नसते. मग अडले का? मुळीच नाही. क्लोनझिला हा फुकटचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घ्यावा. लॅपटॉप त्यावरूनच सुरू करावा. नवी डिस्क यूएसबी वायरने जोडावी. ती जुनीएवढी किंवा मोठी हवी.

आता नीट ध्यान द्या. कुठून उतरायचे नि कुठे, हे क्लोनझिला विचारतो. जिच्यावर उतरायचे, तिच्यावरचे आधीचे पुसले जाते. उलटे सांगाल, तर हिशेबच पुसला जायचा! म्हणून आम्ही सांगतो, डिस्कचे नाव व आकार दोनदा वाचा. मगच होय म्हणा.