समुद्रकाठी मुक्कामाची जागा निवडताना

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉल हा परगणा कॅरव्हॅन, म्हणजेच चाकांवरचे घर, घेऊन सुट्टी घालविणाऱ्यांचा आवडता. तेथील समुद्रकाठच्या तळांवर प्रत्येक कुटुंबास गाडी उभी करण्यासाठी स्वतंत्र जागा मिळते. नवख्यांची धाव साहजिकच समुद्रासमोरच्या पहिल्या रांगेकडे असते. मुरलेला प्रवासी मात्र आधी झाडे पाहतो. अटलांटिकवरून येणारा वारा तेथे बहुधा नैर्ऋत्येचा. त्याच्या माऱ्याने काठावरची हॉथॉर्नची काटेरी झाडे ईशान्येकडे झुकलेली दिसतात. वाऱ्याची दिशा सांगणारे याहून भरवशाचे साधन नाही! दाट कुंपणाच्या आड, थोडी मागे असलेली जागा दृश्यात उणी, पण झोपेस सुखाची. उघड्यावर राहावयाचेच असेल, तर गाडीची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी आणि दार व त्यापुढील कापडी मांडव आडोशाच्या बाजूस यावा. वादळाचा इशारा मिळताच तो मांडव दिवसाउजेडी उतरविलेला बरा. मध्यरात्री ओल्या दोऱ्यांशी झुंजण्यात सुट्टीचा आनंद कुठला?

हिरवळ मोहक खरी. परंतु पावसानंतर जड गाडीची चाके तिच्यात रुततात. खडी घातलेली जागा अधिक खात्रीची. सखल कोपरा टाळावाच. शेजारच्या गाडीपासून 6 मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे, तो आगीच्या भयाने. स्वच्छतागृह जवळ असावे, मात्र आपली जागा त्याच्या वाटेवर नसावी. विजेच्या खांबापासून नेहमीची 25 मीटरची तार पुरते ना, हे आधीच पाहावे. आणि उरलेली तार गुंडाळून ठेवू नये, ती तापते.