पान नाहीच, की फक्त तुमच्या देशात दिसत नाही? ४०४, ४०३ आणि ४५१ मधला फरक

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या आसगावहून कुणी जर्मनीतल्या भावाला व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. गावात ते पान लगेच उघडतं. जर्मनीत मात्र 'पान सापडलं नाही' असं दिसतं. भावाला वाटतं, लिंकच चुकली. प्रत्यक्षात पान जागेवरच असतं, फक्त त्या देशात दाखवलं जात नाही.

असं का होतं?

कोणतंही पान मागितलं की सर्व्हर ब्राउझरला तीन आकडी कोड पाठवतो. २०० म्हणजे सगळं ठीक. अडचण असेल तर कारणानुसार कोड बदलायला हवा:

- ४०४: असं पानच नाही. मराठी पान आहे, पण इंग्रजी भाषांतर झालेलंच नाही, तर इंग्रजी पत्त्यावर हाच कोड योग्य.
- ४०३: पान आहे, पण तुम्हाला परवानगी नाही. उदाहरणार्थ, व्हिडिओचे हक्क भारतापुरतेच आहेत.
- ४५१: कायदेशीर कारणामुळे पान दाखवता येत नाही. हा कोड २०१६ मध्ये प्रमाणित झाला. पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीवरच्या रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीवरून हा आकडा घेतला आहे. २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यावर अमेरिकेतल्या काही वृत्तपत्रांच्या साइट्स युरोपातल्या वाचकांना हाच कोड दाखवू लागल्या.

'क्षमस्व' असं लिहिलेलं पान २०० कोडसह पाठवणं चूक. सर्च इंजिन त्या माफीलाच खरा मजकूर समजू शकतं.

गावालाही फटका

गूगलचा पानं वाचणारा बॉट बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. पान भारताबाहेर बंद असेल, तर त्यालाही ते दिसत नाही. ४०४, ४०३ किंवा ४५१, यातलं काहीही मिळालं तरी गूगल पान यादीतून काढतं. मग ते आसगावात बसून शोधणाऱ्यालाही सापडत नाही.

मग करायचं काय?

भाषा आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी वाचक जर्मनीतही असतो. म्हणून मूळ माहितीचं पान सगळीकडे खुलं ठेवावं आणि ज्यावर बंधन आहे तेवढाच व्हिडिओ किंवा अर्ज रोखावा. पूर्ण पानच बंद करावं लागलं, तर योग्य कोड द्यावा आणि कारण पानाच्याच भाषेत लिहावं. म्हणजे भावाला कळेल, लिंक बरोबरच होती.