माळ्यावरची बंदूक आणि कायदा

जुन्या वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हा समया, पितळी भांडी यांच्याबरोबर कधी कधी एखादी ठासणीची बंदूकही वाट्याला येते. खंडेनवमीला तिची पूजा होत आलेली असते. मात्र तिच्यातून बार उडालेला घरातल्या कोणी पाहिलेला नसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला कसला आला परवाना, असा समज मग सहजच होतो. हौशी संग्राहकही याच समजुतीवर व्यवहार करतात.

अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका ‘पुरातन’ ठरवून बहुतेक बंधनांतून वगळल्या आहेत. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात, म्हणजे पोलिसांच्या बातम्यांत भेटणाऱ्या ‘भारतीय हत्यार कायद्या’त, अशी सालाची रेघ नाही. जुनाट बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला कलम ४५ सूट देते, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालता कामा नये. खरी मेख ‘दुरुस्त करूनही’ या शब्दांत आहे. गंजलेला घोडा बदलून बार उडणार असेल, तर सूट संपली. ठासणीची आहे म्हणूनही सुटका नाही; पिकांच्या राखणीसाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

संग्राहकांना थोडा दिलासा मिळाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. ‘क्युरिओ’ वर्गात मोडणारी लहान शस्त्रे मिळवण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकांना परवाना लागणार नाही, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने स्पष्ट केले. मात्र ती वापरणे, जवळ घेऊन फिरणे किंवा दुसरीकडे नेणे यासाठी परवाना हवाच, आणि त्यावर नोंद नसेल तर दारूगोळाही मिळणार नाही. म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवर ती टांगता येईल. पण पुण्यात घेतलेली ठाण्याला न्यायची कशी, हा प्रश्न उरतोच. शिवाय वस्तू क्युरिओ आहे की बंदूक, हे विक्रेत्याच्या पावतीवरून ठरत नाही. पैसे मोजण्याआधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, शहरात पोलीस आयुक्त तर जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे.

परवाना लागणारी बंदूक विकायची असेल तर घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाराही परवानाधारक हवा.

वारसांची अडचण याहून मोठी. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने मिळणाऱ्या बंदुकाही तीत धरल्या. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, की तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. पुष्कळ घरांचा पुढचा घोळ या सोयीने टळेल. तसे न होता तो वारला, तर परवाना नसलेल्या वारसाने बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. विहित मुदतीत स्वतःचा परवाना मिळवून ती परत घेता येते अथवा पात्र व्यक्तीला विकता येते. मुदत उलटली की ती सरकारजमा होते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास मात्र दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड, अशी तरतूद २०१९ पासून आहे.

आणखी एक कायदा अनेकांच्या ध्यानीमनी नसतो. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोल असलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. परदेशी निर्यातीचा अधिकार तर केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. त्यामुळे पणजोबांची तोडेदार बंदूक न्यू जर्सीतल्या नातेवाइकाला आठवण म्हणून पाठवता येईलच, असे कोणी गृहीत धरू नये.