‘अपृष्ठवंशी’ ही संज्ञा आणि तिच्या पोटातील शरीररचना

प्राणिशास्त्राच्या परिभाषेत ‘अपृष्ठवंशी’ ह्या शब्दाइतका व्यापक आणि तितकाच पोकळ शब्द क्वचितच सापडेल. ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे ९५ टक्के जाती त्यात सामावतात. परंतु त्यांच्या शरीराविषयी तो एवढेच सांगतो की, त्यांना पाठीचा कणा नाही. संस्कृत वैयाकरण ज्यास पर्युदास म्हणतात, त्या प्रकारचा हा निषेध होय. ‘अपृष्ठवंशी’ म्हणजे पृष्ठवंशीयांहून भिन्न असा प्राणी. अशा रीतीने बाजूला काढलेल्यांत परस्परसाम्य असलेच पाहिजे, असे मात्र नव्हे.

ही खोड जुनी आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे ‘सरक्त’ व ‘रक्तहीन’ असे भाग केले, तेही अभावावरूनच. आणि तो अभावही खरा नव्हता. गांडुळाच्या रक्तात हीमोग्लोबिन असते, खेकड्याच्या रक्तात तांबे असलेले हीमोसायनिन. लिनीअसने १७५८ साली ह्या सर्वांसाठी ‘कीटक’ आणि ‘कृमी’ असे दोनच वर्ग ठेविले. त्यात खेकडा कीटक ठरला आणि तारामासा कृमी. पुढे लामार्कने १८०१ च्या आपल्या ग्रंथाला ‘पृष्ठवंश नसलेल्या प्राण्यां’चे नाव दिले, परंतु त्याच ग्रंथात खेकडा व कोळी ह्यांना कीटकांपासून निराळेही केले. नाव अभावाचे, काम मात्र रचनेचे.

रचनेचा विचार करू लागताच पहिला प्रश्न आधाराचा. कण्याविना शरीर सावरते कसे?

गांडुळाला हाड नाही आणि कवचही नाही. त्याचा आधार द्रवाचा आहे. देहभित्ती व अन्ननलिका ह्यांमधील देहगुहा द्रवाने भरलेली असते व आडव्या पडद्यांनी तिचे खंड पडलेले असतात. द्रव दाबल्याने आकसत नाही. म्हणून भित्तीतील वर्तुळाकार स्नायू आवळले की तो खंड बारीक व लांब होतो, आणि उभे स्नायू आवळले की आखूड व जाड होतो. जाड झालेला भाग आपल्या राठ, सूक्ष्म केसांनी मातीत रुतून बसतो. बारीक झालेला भाग पुढे सरकतो. आकुंचनाची ही लाट डोक्याकडून शेपटाकडे जाते आणि गांडूळ उलट दिशेने, म्हणजे पुढे, जाते.

खेकड्याचा आधार बाहेर आहे. कायटिन व चुन्याचे क्षार ह्यांचे कवच, सांध्यांच्या जागी लवचीक, आणि स्नायू त्याला आतून जडलेले. ‘संधिपाद’ ही संज्ञा ह्या दृष्टीने निर्दोष होय. प्राण्यात जे आहे, ते ती सांगते. परंतु कवच वाढत नाही, सबब वाढीसाठी ते टाकून द्यावे लागते. ह्यास ‘कात टाकणे’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. साप त्वचेचा केवळ बाहेरचा थर टाकतो. खेकडा आपला सांगाडाच टाकतो, आणि नवा कठीण होईपर्यंत मऊ व असहाय असतो.

तारामाशाचे काटेरी अंग पाहून तेही कवचच वाटते. वस्तुतः त्याचा सांगाडा त्वचेखालचा, कॅल्साइटच्या लहान तबकड्यांचा असतो. चालतो तो पाण्याच्या बळावर: शरीरातील जलवाहिन्यांच्या दाबाने असंख्य नलिकाकार पाद लांबतात. प्रौढपणी पंचकोनी दिसणाऱ्या ह्या प्राण्याचा डिंभ मात्र आपल्यासारखाच डाव्या-उजव्या बाजूंनी सारखा असतो.

ह्याहून महत्त्वाचा भेद गर्भावस्थेतील आहे. गर्भाच्या पेशीगोलाला जे पहिले छिद्र पडते, त्याचे गांडूळ व खेकडा ह्यांच्या गटात बहुधा मुख होते. तारामाशात ते गुदद्वाराच्या जागी येते व मुख मागाहून निराळे फुटते. पृष्ठवंशीयांतही क्रम हाच. ग्रोबेनने १९०८ साली ह्या भेदावर प्राण्यांचे दोन महासमूह कल्पिले, आणि अलीकडच्या जनुकीय तुलनेने ती विभागणी मुख्यत्वे टिकविली आहे. म्हणजे तारामासा खेकड्यापेक्षा मनुष्याचा अधिक जवळचा आप्त. संज्ञेने मात्र त्याला खेकड्याच्या पंगतीस बसविले आहे.

ॲसिडियन ह्या समुद्री प्राण्याची गोष्ट तर ह्याहूनही बोलकी. खडकाला चिकटलेल्या पिशवीसारखे त्याचे रूप पाहून त्याची गणना दीर्घकाळ शिंपल्यांच्या आसपास होत असे. १८६६ साली कोवालेव्स्कीने त्याच्या पोहणाऱ्या डिंभाच्या शेपटीत पृष्ठरज्जू दाखवून दिला. पृष्ठवंशीयांच्या गर्भातही कण्याच्या आधी हाच रज्जू उभा राहतो. ॲसिडियन खडकावर स्थिरावताना तो शेपटीसकट गमावून बसतो.