गटार जाते कुठे?

उजनीचं पाणी हिरवं पडलं की सोलापूर जिल्हा पुण्याच्या नावानं बोटं मोडतो. तक्रार खोटी नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या, ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणात मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेवाटे आणून ओततात. जलपर्णी आणि शेवाळ त्यावरच पोसतं. पण जिल्ह्यातल्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावाची गटार तरी वेगळं काय करते? सिमेंटची नाली पाणी वेशीबाहेर नेते आणि ओढ्यात सोडून मोकळी होते. खालच्या गावाच्या दृष्टीनं आपणही पुणेच.

आडावरून पाणी शेंदून आणलं जाई, तेव्हा ते हिशेबानं वापरलं जाई. न्हाणीचं पाणी परसातल्या केळीला, अळवाला मिळे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश पाणी मोरीतून बाहेर पडतं. म्हणजे दीड हजार वस्तीच्या गावात रोज सुमारे ५५ हजार लिटर. नळाची योजना आखताना या पाण्याची वाट मात्र क्वचितच आखली जाते.

ते साचलं की काय होतं, हे सोलापूरला नव्यानं सांगायला नको. राज्यातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत सोलापूर मोडतो. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, तुंबलेल्या पाण्यातच अंडी घालतो. गोळ्या वाटून जंतू आटोक्यात येतात, डबकं जागेवरच राहतं.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं (माढ्यातली नव्हे, हिमायतनगर तालुक्यातली) यावर साधा उपाय केला. उघड्या गटारीऐवजी घरोघरी शोषखड्डे. खड्ड्याच्या मध्यभागी भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, वरून झाकण. पाणी दारातच जिरलं, डास हटले. हीच पद्धत पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली आणि रोजगार हमीतूनही असे खड्डे खणले गेले.

तरीही ती जशीच्या तशी उचलून चालत नाही. माळरानावरच्या गावात हात-दोन हात खणलं की मुरूम लागतो आणि पाणी झिरपतं. भीमा-सीनेच्या काठची काळी माती वेगळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ओली झाली की ती फुगून घट्ट बसते आणि पाणी वरच राहतं. म्हणून आधी चाचणी खड्डा घ्यावा, रात्रभर पाणी भरून माती भिजू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती वेळात किती उतरतं ते मोजावं. साबणाचा चिकटा आणि खरकटं अडवणारी छोटी टाकी आधी नसेल, तर मुरमातला खड्डाही काही काळानं बुजतो.

जिथे जिरत नाही, तिथे पाणी एकत्र करावंच लागतं; पण ओढ्याआधी त्याला थांबवता येतं. नागपूरच्या ‘नीरी’नं विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत गाळ बसलेलं पाणी खडीच्या थरातून संथ वाहतं. कर्दळ, पाणकणीस यांची मुळं आणि त्यांवरचे जिवाणू घाण खातात. जमिनीला उतार असेल, तर वीजही लागत नाही. बाहेर पडणारं पाणी झाडांना, चाऱ्याला चालतं. दुष्काळी तालुक्यात रोजचं एवढं पाणी ओढ्यात सोडणं परवडणारं नाही.

पैशाची सबब फारशी टिकत नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. दीड हजार वस्तीला ४ लाख २० हजार. त्यातला तीस टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. अडचण दुसरीकडे आहे. गटारीचं उद्घाटन होतं, गाळाची टाकी उपसण्याचं होत नाही. शौचालयाच्या टाकीचा पाइप कुणी गुपचूप गटारीला जोडला, तर मोरीचं पाणी मैल्याचं होतं आणि कर्दळीचा वाफाही हात टेकतो.

म्हणून ग्रामसभेत गटारीचा ठराव येईल, तेव्हा लांबी-रुंदीआधी तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात : ती कुठे संपणार, गाळ कोण काढणार आणि त्याचे पैसे दरवर्षी कुठून येणार. उत्तरं मिळाली नाहीत, तर ठराव परत पाठवावा. उजनीबद्दल पुण्याला जाब विचारायचा नैतिक अधिकार त्यानंतरच येतो.